पाच मिनिटांची हजेरी

उकळते पाणी पडले की चहाच्या पानांना पाच मिनिटे एकटे सोडायचे असते. झाकण उचलायचे नाही, भांडे हलवायचे नाही, आत डोकवायचे नाही. कोलकात्यात लालदिघीजवळच्या आमच्या कचेरीत चहा चाखण्याची एक वेगळी खोली होती. तिला उत्तरेकडे उंच खिडक्या होत्या, कारण उत्तरेचा उजेड चहाच्या रंगाशी खोटे बोलत नाही. लांब पांढऱ्या मेजावर झाकणाची वीस-पंचवीस भांडी ओळीने मांडलेली असत आणि ओळीच्या टोकाला पितळी गजराचे घड्याळ असे. मनमाया राई त्या खोलीत कामाला लागली आणि हळूहळू त्या घड्याळाला किल्ली देणे बंद झाले.

शेवटच्या भांड्यावर झाकण ठेवून ती मेजाच्या टोकाशी उभी राही. हात पाठीमागे, पाय किंचित फाकलेले, नजर खिडकीबाहेर. तिचे ओठ हलत, आवाज मात्र नसे. पाच मिनिटे भरली की पहिले भांडे उचलून ती वाटीवर आडवे करी. पहिला महिनाभर दत्तबाबूंनी गजर लावून तिची परीक्षा पाहिली. दत्तबाबू आमचे मुख्य चवपरीक्षक. त्यांचा स्वतःच्या जिभेखेरीज कशावरही विश्वास नव्हता. घंटी वाजे तेव्हा मनमायाचा हात नेमका पहिल्या झाकणावर असे. महिन्याच्या शेवटी त्यांनी घड्याळ उचलून कपाटावर ठेवले.

"पूजो कोरछे," ते म्हणत. पूजा करते आहे. "कोणाचा मंत्र गं मनमाया? आम्हालाही सांग."

मनमाया हसे. तिचे हसणे लहान असे आणि लगेच घडी घालून ठेवल्यासारखे नाहीसे होई.

मी त्या कचेरीत लिलावाच्या याद्या लिहीत असे. चहाच्या प्रत्येक लॉटपुढे दोन ओळींचे वर्णन लागे. दत्तबाबू चहा तोंडात घोळवून चाकाच्या पिकदाणीत थुंकत आणि एक शब्द टाकत. तो शब्द नीट बसवणे माझे काम. भवानीपुरातल्या मराठी घरात माझा जन्म झाला. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर बंगाली आणि बाजारात हिंदी असे माझ्या जिभेचे चार कप्पे होते. मनमायाशी मी हिंदीतून बोले. इथे ते बोलणे मराठीत लिहिते आहे. काही शब्द मात्र तिचेच राहू दिले आहेत.

तिच्या मावशीचा नवरा आमच्या इमारतीचा दरवान होता. त्याच्या ओळखीने ती आली, आणि नेपाळी बोलते म्हणजे दार्जिलिंगची, असे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकले. कोलकात्यात ही चूक इतकी सवयीची आहे की ती चूक वाटतच नाही. "तुमच्याकडे आता थंडी पडली असेल," असे कोणी म्हटले की ती "हो, पडली असेल," म्हणे. हे खोटे नव्हते. थंडी कुठेतरी पडलेलीच असे.

तिच्या हातांना कसलाही वास नसे. चाखण्याच्या खोलीत अत्तर, तेल, सुवासिक साबण वर्ज्य असतात. बाकीचे लोक तो नियम पाळत, ती मात्र जन्मापासून तशीच असावी असे वाटे. कामाला आल्यावर ती चपला दाराबाहेर काढी, पण टाचा भिंतीकडे आणि टोके जिन्याकडे करून, म्हणजे पाय घातला की निघता येईल. जेवायला कधी दाराकडे पाठ करून बसत नसे. भाताचा डबा ती चार मिनिटांत संपवी, आणि आमच्यातल्या शेवटच्या माणसाने घास घेतल्याशिवाय सुरुवात करत नसे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा मावतात, याचे मला नवल वाटे.

जेवण झाल्यावर नमुन्यांच्या खोक्यांना टेकून ती बसल्या बसल्या दहा मिनिटे झोपे. पहिल्याच आठवड्यात तिने आम्हाला बजावले होते, "उठवायचं असेल तर लांबून हाक मारा. हात लावू नका." दत्तबाबूंना सूचना लक्षात राहत नसत. एकदा त्यांनी गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने तिच्या खांद्याला स्पर्श केला. पुढे काय झाले ते डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळले: दत्तबाबूंचे पेन फरशीवर पडले. मनमाया उभी होती आणि त्यांचे मनगट तिच्या मुठीत होते. तिचे डोळे उघडे होते, पण ती अजून त्या खोलीत आलेली नव्हती. मग ती आली. तिने मूठ सोडली, खाली वाकून पेन उचलले, टोक पुसून त्यांच्या खिशात लावले.

"माफ करा, दादा."

"चहा गार होतोय," दत्तबाबू म्हणाले. त्यानंतर ते दारातूनच हाक मारू लागले. त्या प्रसंगावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यांच्या स्वभावात ही एक गोष्ट दुर्मीळ होती.

तिच्या वयाची मात्र ते मनसोक्त थट्टा करत. विम्याच्या कागदासाठी कारकुनाने वय विचारले तेव्हा ती म्हणाली, "एकवीस." तिच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या होत्या आणि कानामागे एक पांढरा केस.

"तोमार एकुश होले आमार बारो," दत्तबाबू म्हणाले. तू एकवीस तर मी बारा.

पुढच्या वर्षी ती बावीस म्हणाली, त्याच्या पुढच्या वर्षी तेवीस. वय चोरणारी माणसे त्यात चुकतात. कधी दोन वर्षे पुढे जातात, कधी मागे येतात. मनमाया कधीच चुकली नाही. जी काही वर्षे तिने वगळली होती ती एकदाच वगळली होती, आणि बाकीच्यांचा हिशेब तिच्यापाशी चोख होता.

आता मला माझ्या चुकीकडे यावे लागेल.

आमचे गोदाम खिदिरपूरला होते. तिथले हमाल बहुतेक बिहारचे. ते हिंदी वाचत, इंग्रजी आणि बंगाली नाही. चाखताना जो चहा नापास होई, म्हणजे धुरकट, करपलेला, बुरसट निघे, त्याच्या पाकिटावर आणि चिठ्ठीवर इंग्रजी शिक्का मारला जाई. गोदामात तो कोणाला वाचता येत नसे आणि घोटाळे होत. मॅनेजर साहेबांनी देवनागरी शिक्का करून घ्यायचे ठरवले. कचेरीत देवनागरी सफाईने लिहिणारी मीच. "तुम्ही मराठी लोक, तुमची तर तीच लिपी," असे म्हणून काम माझ्याकडे आले. मी फारसा विचार केला नाही. मला शब्द सुचला तो माझ्या घरातला, मराठीच्या घरच्या वहीतल्या तांबड्या शाईचा: अयोग्य.

शिक्का तयार होऊन आला. अक्षरे देखणी होती. पहिली पाकिटे गोदामात गेली त्या दिवशी तिथला मुकादम लल्लन स्वतः कचेरीत आला. बिहारातल्या छपरा गावाकडचा हा म्हातारा गृहस्थ चेहरा गंभीर ठेवून विनोद करी.

"दीदी, ये अयोग्य किसने लिखा?"

"मैंने. क्यों?"

"नहीं, हम सोचे, चाय को देखने लड़केवाले आए थे. पसंद नहीं आई."

सगळे हसले, मीही हसले. मनमाया भांडी पुसत होती. तिने शिक्का हातात घेतला, उलटा करून रबरावरची अक्षरे पाहिली. ती अक्षरे उलटी होती, तरी तिला ती वाचायला वेळ लागला नाही. तिने शिक्का खणात ठेवला आणि खण लावून टाकला.

त्यानंतर नापास पाकिटांवर शिक्का पडेना. शिक्का मारण्याचे काम तिचेच होते. ती पाकिटे वेगळी ठेवी, त्यांना काळा दोरा बांधी, पण शिक्का मारत नसे. मला वाटले, विसरते. दोनदा आठवण केली. ती "हजुर", म्हणजे हो, म्हणाली आणि दोराच बांधला. अखेर व्हायचे ते झाले. कुठेतरी दोरा सुटला, एक धुरकट लॉट चांगल्या मालात मिसळला गेला आणि गिऱ्हाइकाकडून परत आला. मॅनेजर साहेबांनी तिला बोलावून विचारले, शिक्का का नव्हता. तिने कारण सांगितले नाही. तिचे काम दर वर्षी एप्रिलात नव्याने मंजूर होई. साहेबांनी एवढेच सांगितले की या एप्रिलात त्यांना विचार करावा लागेल.

दुपारी मी चाखण्याच्या खोलीत गेले. ती भांडी धूत होती. ओल्या चिनीमातीचा आणि भिजलेल्या पानांचा, पावसात भिजलेल्या गवतगंजीसारखा वास खोलीत होता.

"का मारत नाहीस शिक्का?" मी विचारले. "त्यांना सांगायचं नसेल तर मला सांग."

तिने हातातले भांडे पुसून पालथे घातले. मग म्हणाली, "हा शब्द माझ्याकडे आहे, दिदी. घरी. पेटीत."

मला कळले नाही. तिने मग जे सांगितले ते भांडी धुता धुता, पाठमोरी राहून सांगितले. एका भांड्यापासून दुसऱ्या भांड्यापर्यंत जेवढे बसेल तेवढेच एका वेळी.

तिचे गाव दार्जिलिंगात नव्हते. सीमेपलीकडे, पूर्व नेपाळच्या डोंगरात होते. ती बारा वर्षांची, पाचवीत असताना तिथे यादवी युद्ध चालू होते. एक दिवस बंडखोर शाळेत आले आणि आठवडाभराच्या शिबिराला म्हणून सगळा वर्ग घेऊन निघाले. वर्गात तीस मुले होती. मास्तर हजेरीची वही घेऊन त्यांच्याबरोबर चढावर चालत राहिले. खिंडीत पोचल्यावर त्यांना परत जायला सांगण्यात आले. त्यांनी एकच परवानगी मागितली. मुलांना ओळीत उभे केले, वही उघडली आणि हजेरी घेतली. तीसही मुले हजर होती. मग मास्तर वही मिटून उतरू लागले.

आठवडा संपला तेव्हा सात मुलांना घरी पाठवले. मनमाया त्यांत नव्हती.

आधी तिच्याकडे भाताचे पातेले वाहायचे काम होते. मग जखमींच्या तुकडीत घातले. तिला शिकवणाऱ्या बाईने एकच गोष्ट नीट शिकवली: जखमेवर कापड दाबून धरायचे, पाच मिनिटे, आणि मध्ये उचलून बघायचे नाही. बघितले की रक्त पुन्हा सुटते. घड्याळ फक्त तुकडीच्या नायकाच्या मनगटावर होते, आणि तो जवळ असेलच असे नाही.

"मग मोजायचीस कशी?"

ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "हजेरीनं," ती म्हणाली. "सरांची हजेरी. एकदा म्हटली की एक मिनिट होतं. पाचदा म्हणायची."

मला अजून आठवते, नळ चालू होता आणि दोघींपैकी कोणीही तो बंद केला नाही.

मी तिला ती हजेरी म्हणून दाखवायला सांगितली. त्या विनंतीची मला आता थोडी लाज वाटते, पण तिला ती विचित्र वाटली नसावी. हात पाठीमागे घेऊन, खिडकीकडे पाहत तिने नावे म्हटली. प्रत्येक नाव सारख्याच वजनाचे, कुठे घाई नाही, कुठे रेंगाळणे नाही. एक, अमृता. दोन, इंद्रबहादुर. तीन, कमला. मला लय ओळखता येते. ही लय कवितेची नव्हती, पायवाटेची होती. सोळानंतर ती अठरावर गेली.

"सतरा?" मी विचारले.

"सतरा मी."

"मग म्हणत का नाहीस?"

"हजेरी घेणारा स्वतःचं नाव घेतो का, दिदी? सर पण घेत नव्हते." तिने पुढचे भांडे उचलले. "एकोणतीस नावांचंच मिनिट बसलंय आता."

या एकोणतिसांपैकी कितीजण आहेत, असे मी विचारले. ती म्हणाली, "हजेरीत सगळेच असतात."

शब्दाची गोष्ट तिने शेवटी सांगितली. युद्ध थांबल्यावर सगळ्यांना छावण्यांत ठेवले. बाहेरून माणसे आली, त्यांनी एकेकाला बसवून वय विचारले. युद्ध थांबले त्या दिवशी जे अठराच्या आत होते, त्यांना सैनिक मानता येणार नाही असे ठरले. हेतू भला होता, असे मी पुढे वाचले; मुलांना मूल म्हणून सोडवायचे होते. पण ठरवण्यात आणि सोडण्यात वर्षे गेली. तिचे नाव वाचले गेले तेव्हा ती वीस वर्षांची होती, आणि हातात मिळालेल्या कागदावर तिच्या नावापुढे एकच शब्द होता: अयोग्य.

"नेताना कोणी वय विचारलं नाही," ती म्हणाली. "घालवताना विचारलं."

ती गावी गेली. अकरा दिवस राहिली. आई सकाळी तिला दारात उभी राहून लांब कळकाच्या काठीने उठवी, कारण पहिल्या दिवशी आईने हाताने उठवले होते. हेही तिला सोसले असते. पण रोज कोणी ना कोणी अंगणात येऊन बसे. वर्गातल्या मुलांच्या आया होत्या. त्या तिला काही वाईट बोलत नव्हत्या. एकेक जण येई, पाणी पिई, आणि आपापल्या मुलाचे नाव घेऊन विचारी, तो कुठे आहे. बाराव्या दिवशी सकाळी ती मावशीकडे निघाली, सीमा ओलांडून.

छावणीसकट त्या सगळ्याची आठ वर्षे झाली होती. वयातून तिने वगळलेली वर्षे तीच.

मी त्या संध्याकाळी घरी जाऊन नवा शब्द शोधत बसले. रद्द, नापास, खराब, त्याज्य. प्रत्येक शब्द कोणाच्या ना कोणाच्या तरी नावापुढे कधीतरी लागलेला असणार, असे वाटू लागले. दुसऱ्या दिवशी मी तिलाच विचारले. तिने फार वेळ घेतला नाही.

"या चहाचं पुढे काय होतं?"

"चहाच्या मळ्याकडे परत पाठवतात."

"मग तेच लिहा. वापस."

"एवढंच?"

"एवढं पुष्कळ झालं. परत पाठवतात म्हणजे घेणारं कोणीतरी आहे."

नवा शिक्का आला. तो मात्र ती इतका जोर देऊन मारी की मेजावरची झाकणे खुळखुळत. लल्लनने आपले मत दिले, "अब ठीक है. लड़की मायके जा रही है." मॅनेजर साहेबांना मी एवढेच सांगितले की हिंदी शब्द चुकला होता आणि चूक माझी होती. एप्रिलात तिचे काम नव्याने मंजूर झाले.

आणखी दोन वर्षांनी दत्तबाबूंनी एक गोष्ट मनावर घेतली. मनमाया भांडी मांडता मांडता नुसत्या वाफेवरून चहा ओळखते, हे त्यांना केव्हाच कळले होते. तशी कबुली देण्याइतके त्यांचे मन मोठे व्हायला वेळ लागला. सिलीगुडीच्या शाखेत उमेदवार चवपरीक्षकाची एक जागा निघाली. त्यांनी तिचे नाव सुचवले. तिला परीक्षा द्यावी लागणार होती, आणि परीक्षेआधी एक अर्ज भरावा लागणार होता. अर्जात जन्माची तारीख होती, शिक्षण होते, आणि त्याखाली एक रकाना होता: शिक्षणात अथवा कामात खंड पडला असल्यास त्याचे कारण.

अर्ज तिच्या डब्याच्या पिशवीत नऊ दिवस राहिला. ती जागा तिला हवी होती, हे तिने कोणाला सांगितले नाही. पण त्या दिवसांत ती चमचा घेऊन, दत्तबाबू जेवायला गेले की, प्रत्येक वाटीतला एकेक घोट चाखत असे आणि मग ओळीपुढे उभी राहून मनातल्या मनात निकाल देत असे. मी दारातून पाहिले आहे. तिला ते हवेच होते.

"असुख लिखे दाओ," दत्तबाबू म्हणाले. आजारपण लिहून दे. "सगळे तेच लिहितात. कावीळ."

"आठ वर्षं कावीळ, दादा?"

दत्तबाबू विचारात पडले. "दोन वर्षं खपली असती," ते म्हणाले.

दहाव्या दिवशी तिने अर्ज माझ्यापुढे ठेवला. रकान्यात नेपाळीत लिहिले होते. इंग्रजी करून देणे माझे काम. अक्षर पाचवीतल्या मुलीचे होते, गोल आणि काळजीपूर्वक. "पाचवीनंतर आठ वर्षे मी युद्धात होते. मी लहान होते. जखमा दाबून धरण्याचे काम केले." त्याखाली थोडी जागा सोडून: "आता हे काम येते." जन्माच्या तारखेत आठही वर्षे होती.

मी भाषांतर केले. तीन वाक्यांत कुठलाही शब्द वाढवला नाही. वाढवण्याचा मोह झाला होता.

मॅनेजर साहेब वाईट नव्हते, सावध होते. त्यांनी तिला आणि मला आत बोलावले. अर्ज वाचून झाल्यावरही ते वाचत राहिले. "बंदूक चालवता येते?" त्यांनी विचारले.

"येते."

"चालवली?"

मनमायाने खिडकीकडे पाहिले. "दोनदा. अंधारात. कुणाला लागलं ते माहीत नाही," ती म्हणाली.

साहेबांनी अर्ज खणात ठेवला. तो तिथे तीन आठवडे राहिला. सिलीगुडीला कळले तर काय, एवढेच ते म्हणत. अखेर दत्तबाबू एक दिवस त्यांच्या खोलीत गेले. दार उघडेच होते, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आले.

"ती धुरकट माल जिन्यातून ओळखते," दत्तबाबू म्हणाले. "तुम्हाला तोंडात घेऊन कळत नाही. अर्ज खणात कोणाचा पडायला पाहिजे, ते तुम्हीच ठरवा."

परीक्षेला बारा वाट्या होत्या, बिनचिठ्ठीच्या. मी बाहेर होते. नंतर दत्तबाबूंनी सांगितले ते लिहिते. अकरा वाट्या तिने न अडखळता ओळखल्या. बाराव्या वाटीपाशी ती बराच वेळ थांबली. ती वाटी दत्तबाबूंनी मुद्दाम दार्जिलिंगच्या ओळीत ठेवली होती.

"हा दार्जिलिंग म्हणून मांडलाय," ती म्हणाली. "आहे सीमेपलीकडचा."

"कशावरून?" त्यांनी विचारले.

"मी पण तशीच आले होते ना, दादा."

हे सांगताना दत्तबाबू हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी तो धोतराच्या टोकाने पुसला, आणि मग पुन्हा पुसला. कचेरीत मात्र दोन दिवस एकच विनोद चालला: मनमाया एका आठवड्यात आठ वर्षांनी म्हातारी झाली. तिने मिठाईच्या दुकानातून आणलेले संदेश सगळ्यांना वाटले. "आठ वर्षांचं वाढदिवसाचं देणं होतं," असे कारकून म्हणाला, तेव्हा तिने त्याला दोन जास्त दिले.

कोलकात्यातला तिचा शेवटचा दिवस शनिवार होता. रात्रीच्या गाडीने ती सिलीगुडीला जाणार होती. ट्रंक आणि वळकटी दरवानाच्या खोलीत बांधून ठेवली होती. दत्तबाबूंनी हट्ट धरला की जाण्याआधी सकाळची ओळ तिने चाखायची, ते स्वतः बाजूला उभे राहणार. भांडी मांडायला तिच्या जागी सुतपा आली होती. ही हावड्याहून येणारी, नीटनेटकी, दोन मुलांची आई. हुगळी ओलांडताना अंगाला लागलेला वारा तिच्याबरोबर खोलीत येई. तिने चोवीस भांड्यांत पाणी ओतले, झाकणे ठेवली आणि फोनवर पाच मिनिटांचा गजर लावला.

मनमाया मेजाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती, चमचा हातात घेऊन. पांढरा एप्रन तिला थोडा मोठा होत होता. खिडकीतला उजेड झाकणांवरून घसरत तिच्या मनगटापर्यंत आला होता. तिने डोळे नेहमीप्रमाणे बाहेर वळवले आणि तिचे ओठ हलू लागले. त्याची आता गरज नव्हती. मोजायला फोन होता. मी याद्यांचे कागद घेऊन दारापाशी उभी होते. ती नावे तोवर मलाही पाठ झाली होती.

गजर वाजला. सुतपाने पहिल्या भांड्याकडे हात नेला.

मनमायाने चमचा न सोडता एक बोट वर केले. थांब.

"होये गेछे, दिदी," सुतपा म्हणाली. झाले की.

"तेतो होबे," दत्तबाबू पुटपुटले. "कडू होईल, मनमाया."

बोट तसेच वर होते. ओठ हलत होते. इतक्या वर्षांत तिची पाच मिनिटे कधी घड्याळाच्या पुढे गेली नव्हती, मागे राहिली नव्हती. दत्तबाबूंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला सतरावे नाव आठवले. एका नावाला साधारण दोन सेकंद लागतात. पाच फेऱ्यांचे दहा.

दहा सेकंदांनी तिने बोट खाली घेतले.

"आता ओता," ती म्हणाली.